मेणबत्ती, गंज आणि शास्त्राचा तास

कोल्हापूरहून गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बिद्री हें माझें गांव. बाहेरच्या माणसास तें ठाऊक असतें तें बहुधा तेथील सहकारी साखर कारखान्यामुळें. हंगाम सुरू झाला म्हणजे उसाच्या गाड्यांची रांग रस्त्याच्या कडेला लागते आणि हवेला मळीचा वास येऊं लागतो. मी व्यवसायानें प्राथमिक शिक्षक. मॅट्रिकनंतर शिक्षकाची सनद घेतली, पांचवी ते सातवीच्या वर्गांना आयुष्यभर शिकविलें, आणि कांहीं वर्षांपूर्वीं निवृत्त झालों. शास्त्राचा मी पंडित नव्हे. तरीही शास्त्र शिकविण्याच्या एका रीतीचा इतिहास आज आपणांस सांगावयाचें मीं मनावर घेतलें आहे. कारण त्या इतिहासाच्या एका टोकाला माझ्या स्वतःच्या फजितीचा एक तास आहे, आणि तो प्रथम सांगितल्यावांचून बाकीचें सांगणें मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

गोष्ट १९८५ च्या सुमाराची. वर्ग सातवीचा. हवेंत प्राणवायूचें प्रमाण सुमारें एक पंचमांश असतें, हा त्या दिवशींचा पाठ. माझ्या हातीं त्या काळीं जी एक मार्गदर्शिका होती, तींत यासाठीं एक प्रयोग दिला होता. परातींत पाणी घ्यावें, मधोमध जळती मेणबत्ती उभी करावी, आणि तिजवर कांचेचा पेला उपडा घालावा. मेणबत्ती विझते व पाणी पेल्यांत चढतें. जळून गेलेल्या प्राणवायूची जागा पाण्यानें घेतली, म्हणून तें पेल्याच्या एक पंचमांशापर्यंत चढलें, असें अनुमान खालीं छापलेलें होतें. मीं प्रयोग टेबलावर करून दाखविला. पाणी चढलें. तें नेमकें किती चढलें हें कोणीं मोजलें नाहीं. मींही मोजलें नाहीं. मुलांनीं अनुमान वहींत उतरून घेतलें, आणि तास तेथेंच संपावयाचा.

तोंच मागें बसलेली एक मुलगी उठून म्हणाली, "गुर्जी, दोन मेणबत्त्या लावून बघू काय?" मी म्हणालों, "बघ कीं. पेला तोच, हवा तेवढीच. पाणीही तेवढेंच चढेल." तिनें दोन लावल्या. पाणी अधिक चढलें. मग तीन लावल्या. आणखी अधिक चढलें. वर्ग क्षणभर चिडीचूप झाला, आणि कोणीतरी खालच्या आवाजांत पुटपुटलें, "प्राणवायू वाढला काय गुर्जी?" मग सगळीं हंसलीं. मी म्हणालों, "हें तुम्हांला पुढच्या इयत्तेंत समजेल." शिक्षकाच्या भात्यांतील हा अखेरचा बाण होय, तो सोडला कीं समोरचा गप्प होतो. मुलगी खालीं बसली. मला मात्र त्या रात्रीं झोंप लागली नाहीं, कारण पुढच्या इयत्तेंत काय समजतें हें मलाही ठाऊक नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं मीं परात, पेले आणि मेणबत्त्यांचा पुडा वऱ्हांड्यांत नेऊन ठेवला व मुलांना सांगितलें कीं, कालच्या प्रश्नाचें उत्तर मला येत नाहीं, तुम्हीच बघा. दोन दिवस तीं बघत होतीं. एकाच्या ध्यानांत आलें कीं पेला उपडा घालतांच त्याच्या कडेखालून बुडबुडे बाहेर येतात. दुसऱ्यानें सांगितलें कीं ज्योत जळत असतांना पाणी फारसें चढतच नाहीं. ज्योत विझल्यावर तें भराभर वर येतें. तिसऱ्यानें मेणबत्तीच काढून टाकली. पेला चुलीच्या धगीवर धरून तापविला आणि तसाच पाण्यावर उपडा घातला. पाणी चढलें! ज्योत नाहीं, कांहीं जळलें नाहीं, तरीही चढलें. मग आम्हांस उलगडा झाला. ज्योतीच्या उष्णतेनें हवा प्रसरण पावून बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर जाते, ज्योत विझल्यावर उरलेली हवा निवते, आकसते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. मेणबत्त्या अधिक म्हणजे उष्णता अधिक, म्हणून पाणीही अधिक. हवेंतील प्राणवायूचा मार्गदर्शिकेंतील आंकडा खरा होता. पण त्याला दिलेला पुरावा खोटा होता. त्या दोन दिवसांइतकें कमी मी वर्गांत पूर्वीं कधींच बोललों नव्हतों.

मुलांनीं प्रश्न काढावा, मुलांनींच प्रयोग योजावा, आणि शिक्षकानें बाजूला उभें राहून नीट पाहण्यास भाग पाडावें, ही रीति मला त्या वेळीं माझीच वाटली. पुढें वाचन केल्यावर कळलें कीं ती माझ्या जन्मापूर्वीं कितीएक वर्षें जगांत वावरत होती, आणि आपल्या महाराष्ट्राच्या दारांतही ती एकाहून अधिक वेळां येऊन गेली होती.

आपल्याकडे प्राथमिक शाळेंत शास्त्र शिरलें तें 'वस्तुपाठ' या नांवानें. त्याचें मूळ स्वित्झर्लंडमधील पेस्तालोझी या शिक्षणवेत्त्याच्या विचारांत आहे. १७४६ सालीं जन्मलेल्या या माणसानें असें प्रतिपादिलें कीं मुलाला शब्द देण्यापूर्वीं वस्तु द्यावी. त्याला ती पाहूं, चांचपूं, उलटीसुलटी करूं द्यावी. विचार मोठा होता. परंतु आपल्या शाळेपर्यंत येतां येतां त्याचें काय झालें? गुरुजींनीं गारेचा खडा वर धरावा आणि म्हणावें, "हा कठीण आहे, हा पांढरा आहे"; आणि मुलांनीं तेंच एका सुरांत म्हणावें. वस्तु गुरुजींच्या हातीं, पाठ मुलांच्या तोंडीं! आमच्या करवीर संस्थानांत राजर्षि शाहू महाराजांनीं १९१७ सालीं मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, आणि शाळा खेड्यापाड्यांत पोंचल्या. एकाच शिक्षकाकडे तीन-चार इयत्ता असलेल्या त्या शाळांत प्रत्येक मुलाच्या हातीं खडा देणें कोणास सुचलें नाहीं, याचा दोष मी त्या शिक्षकांस देत नाहीं.

त्याच्याही अगोदर एक निराळी अडचण होती, ती शब्दांची. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयांत शास्त्राचे अध्यापक असलेले बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७ ते १९०६) यांचें नांव आज आमच्या जिल्ह्यांतही फारसें कोणी घेत नाहीं. रसायन, पदार्थविज्ञान या विषयांचे ग्रंथ त्यांनीं मराठींत लिहिले, आणि तेही मराठींत या शास्त्रांची परिभाषा अद्याप घडत होती अशा काळांत. इतिहासलेखनही त्यांनीं केलें. आज आपण प्रयोगशाळेंत मराठी बोलतों त्यामागें अशा लोकांची मेहनत आहे. मुलानें स्वतः प्रश्न विचारावयाचा तर तो विचारण्याइतके शब्द त्याच्याजवळ आधीं असावे लागतात.

याच सुमारास लंडनमध्यें हेन्री एडवर्ड आर्मस्ट्राँग नांवाचे एक रसायनशास्त्रज्ञ (१८४८ ते १९३७) शाळांच्या शास्त्रशिक्षणावर कडाडून टीका करीत होते. त्यांचें म्हणणें असें कीं विद्यार्थ्याला शास्त्रांतील निष्कर्ष सांगूं नयेत. त्याला संशोधकाच्या जागीं उभें करावें. त्यांनीं आपल्या पद्धतीला 'शोधून काढणें' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नांव दिलें. आपल्या अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांत तिला स्वयंशोधन पद्धति म्हणतात. खडू कशाचा बनला आहे, लोखंड गंजतें तेव्हां नेमकें काय होतें, असे साधे दिसणारे प्रश्न घेऊन त्यांचे विद्यार्थी कित्येक दिवस तराजू व परीक्षानळ्या घेऊन बसत. या गंजाच्या प्रश्नाकडे मी पुन्हां येणार आहें, कारण माझ्या मेणबत्तीचें प्रायश्चित्त त्यांतच निघालें.

आर्मस्ट्राँग यांच्या पद्धतीवर आक्षेपही आले, आणि ते पोकळ नव्हते. न्यूटन व लाव्हाझिए यांना जें सांपडावयास आयुष्यें लागलीं, तें बारा वर्षांच्या मुलानें आठवड्यांतून दोन तासांत कसें शोधावें? अभ्यासक्रम पुरा कसा व्हावा? याचें सरळ उत्तर असें कीं सगळेंच शोधावयाचें नसतें. कांहीं थोडें शोधून घ्यावयाचें, म्हणजे बाकीचें ऐकतांना तें कसें सिद्ध झालें असेल याची कल्पना येते. पण आमच्याकडे ही चर्चाच झाली नाहीं. शिक्षकाच्या सनदेचा अभ्यास करतांना मलाही स्वयंशोधन पद्धति शिकविली गेली. कशी? व्याख्यानानें! तिचे पांच गुण, चार दोष, आणि त्यांवर हमखास येणारा एक प्रश्न. प्रयोगशाळेचें दार त्या वर्षांत आमच्यासाठीं दोनदां उघडलें असेल. पोहण्याचें शिक्षण काठावर बसवून दिलें तर बुडणाऱ्यास कोण काढणार?

ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि महात्मा गांधींनीं हस्तोद्योगाभोंवतीं शिक्षण गुंफण्याची कल्पना देशापुढें ठेवली. टकळीवरील सूत, शेतांतील माती यांतूनच गणित व शास्त्र उगवावें, असा तो विचार. ज्यांना हात होते पण प्रयोगशाळा नव्हती, अशा कोट्यवधि मुलांच्या दृष्टीनें तो मोलाचा होता. आमच्या भागांत त्या काळाच्या वाऱ्याचें एक फळ म्हणजे गारगोटीचें मौनी विद्यापीठ. आजरा तालुक्यांतील बहिरेवाडीचे जयंत पांडुरंग नाईक यांनीं १९४७ सालीं तें उभें केलें. पाटगांवच्या मौनी महाराजांचें नांव त्यास दिलें. आमच्या कारखान्याचा परिसरही त्यांच्याच नांवानें मौनीनगर म्हणून ओळखला जातो. हेच नाईक पुढें १९६४ ते १९६६ या काळांतील कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव झाले. त्या आयोगानें पहिल्या दहा वर्षांच्या शालेय शिक्षणांत शास्त्र व गणित सर्वांना सक्तीचें असावें असें स्पष्ट सुचविलें. भुदरगडच्या डोंगरांत काम केलेल्या माणसाचा हात त्या अहवालाला लागला होता, याचा आम्हां या बाजूच्या शिक्षकांना अभिमान वाटतो. विषय सर्वांना मिळाला. आतां प्रश्न उरला तो रीतीचा.

त्या रीतीचा पहिला मोठा प्रयोग मुंबई महानगरपालिकेच्या शाळांत झाला, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. डून स्कूलमध्यें भौतिकशास्त्र शिकविणारे बी. जी. पित्रे यांच्या पुढाकारानें शास्त्रशिक्षकांच्या अखिल भारतीय संघटनेचा एक अभ्यासगट प्रयोगांतून भौतिकशास्त्र शिकविण्याचे पाठ रचीत होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील वि. गो. कुलकर्णी प्रभृति शास्त्रज्ञ हें काम पालिकेच्या शाळांत घेऊन गेले. अणुविज्ञानाच्या संस्थेंतील माणसें चाळींतील मुलांसमोर वजनकाटा घेऊन बसलीं, हें चित्रच मला हृद्य वाटतें. १९७४ सालीं नाना चौकांतील पालिकेच्या शाळेच्या दोन खोल्यांत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालें आणि कुलकर्णी त्याचे प्रमुख झाले. केंद्राच्या पहिल्या कामांपैकीं एक जळगांव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यांत, खिरोदा येथें, ग्रामीण शिक्षकांबरोबर झालें. तेथें व पुढें मुंबईंतील गरीब वस्त्यांतील मुलांबरोबर काम करतांना त्यांना आढळलें कीं मूल अडतें तें पुष्कळदां शास्त्रामुळें नव्हे, तर पुस्तकाच्या भाषेमुळें. वाक्यें सोपीं केलीं तर तोच विषय तेंच मूल समजून घेतें. मोडकांनीं शब्द घडविले. शंभर वर्षांनीं ते शब्द मुलाच्या वाटेंत आडवे पडूं नयेत म्हणून खटपट करावी लागली. इतिहासाची ही गंमत आहे.

परंतु या सर्वांत मला जो अध्याय सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो महाराष्ट्राच्या सीमेबाहेर, नर्मदेच्या कांठीं घडला. मुंबईच्या अनुभवाची शिदोरी घेऊन १९७२ सालीं मध्यप्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या नर्मदापुरमांत, सोळा माध्यमिक शाळांत, तेथील सहावी ते आठवीच्या वर्गांत, हें काम सुरू झालें. तें करणाऱ्या संस्था दोन: रसूलियाचें फ्रेंड्स रूरल सेंटर, आणि टाटा संस्थेंतील नोकरी सोडून खेड्यांत आलेले अनिल सद्‌गोपाल यांची किशोर भारती. पुढें दिल्ली विद्यापीठांतील व इतर ठिकाणचे अनेक प्राध्यापक सुट्या घालवून तेथें येऊं लागले. १९७८ मध्यें तें जिल्ह्यांतील सर्व माध्यमिक शाळांत गेलें, आणि १९८२ मध्यें तें चालविण्यासाठीं एकलव्य ही संस्था निघाली.

मी तेथें गेलेलों नाहीं. पण माझ्या मेणबत्तीनंतर दोन-तीन वर्षांनीं एका शिबिरांत तेथें काम करून आलेले एक गृहस्थ भेटले, आणि त्यांच्याकडून मीं जें ऐकलें व नंतर वाचलें, त्यावरून सांगतों. मुलें चौघां-चौघांच्या टोळीनें बसत. प्रत्येक टोळीला सामानाचा संच. पुस्तकाचें नांव 'बाल वैज्ञानिक'; त्यांत व्याख्या पाठ करावयास नव्हत्या, तयार उत्तरें नव्हतीं; कृति होत्या व प्रश्न होते. उत्तर मुलाच्या वहींत तयार व्हावयाचें. प्रत्येक टोळीचें निरीक्षण फळ्यावर मांडलें जाई, आणि एका टोळीचा आंकडा दुसरीहून निराळा आला तर कोणाचें चुकलें एवढेंच न विचारतां, निराळा कां आला, यावर वाद होई.

शास्त्राच्या पुस्तकांत असें लिहिणें सोपें आहे. तेथील लोकांचा शहाणपणा मला दिसतो तो शिक्षकांच्या बाबतींत. उन्हाळ्याच्या सुटींत शिक्षक शिबिरास येत आणि विद्यार्थी होऊन तेच प्रयोग, तशाच चौघांच्या टोळ्या करून, स्वतःच्या हातानें करीत. ज्यानें बी रुजत घालून रोज उकरून पाहिलें नाहीं, ज्याचा हात भिंग धरतांना थरथरला नाहीं, तो मुलाची अडचण कशी ओळखणार? तेथें विद्यापीठाचे प्राध्यापकही एखाद्या प्रश्नाला "मला माहीत नाहीं, पाहूं या" असें म्हणत, आणि पंचवीस वर्षें नोकरी झालेला खेड्यांतला मास्तर तें ऐके. श्रोतेहो, हें वाक्य माझ्या कानीं माझ्या उमेदवारीच्या वर्षांत कोणीं घातलें असतें, तर त्या मुलीला मीं पुढच्या इयत्तेकडे धाडलें नसतें.

शिबिर संपल्यावर शिक्षकाला एकटें सोडून देत नसत. महिन्यांतून एकदां जवळपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र बसत. कोणता प्रयोग फसला, कोणत्या प्रश्नानें अडविलें, हें बोलत. शाळेंत येऊन वर्ग पाहणारे मदतनीस असत. मुलांनीं मनांतले प्रश्न पत्रानें विचारावे म्हणून 'सवालीराम' नांवाचें एक कल्पित पात्र योजलें होतें, आणि त्याच्या नांवें आलेल्या प्रत्येक पत्राला खरोखरीचें उत्तर जाई. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे परीक्षा. मध्यप्रदेश शासनानें तीही बदलूं दिली. प्रश्नपत्रिका सोडवितांना पुस्तक व वही जवळ ठेवण्यास मोकळीक; प्रयोगाची परीक्षा निराळी, हातानें करून दाखविण्याची. पाठांतराला तेथें कांहीं कामच उरलें नाहीं.

परीक्षेचा उल्लेख मीं मुद्दाम केला. मेणबत्तीचा उलगडा झाल्यावर त्या वर्षींची आमची वार्षिक परीक्षा जवळ आली, तेव्हां तीच मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "गुर्जी, पाणी का चढतं असं विचारलं तर काय लिहू?" पेपर बाहेरून येणार होते, तपासणारा कोण, त्याच्या हातीं कोणती मार्गदर्शिका, हें मला ठाऊक नव्हतें. मीं तिला सांगितलें, "परीक्षेंत पुस्तकांतलें लिही." ती 'बरं' म्हणून गेली. शिक्षकाच्या आयुष्यांत मीं अनेक चुका केल्या असतील, पण ज्या उत्तराचा खोटेपणा तिनें स्वतः सिद्ध केला होता तेंच तिला लिहावयास सांगितलें, हें मला आजही बोचतें. होशंगाबादच्या लोकांनीं परीक्षेला हात कां घातला, हें मला त्यामुळें कोणीं समजावून सांगावें लागलें नाहीं.

त्याच शिबिरांत मीं काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी यांचे त्रिकोण, चौकोन, घन बनवावयास शिकलों. ही युक्ति अरविंद गुप्ता यांची. पुण्याच्या टेल्को कारखान्यांतील हे अभियंते १९७८ सालीं रजा घेऊन होशंगाबादला गेले आणि तेथें त्यांना ती सुचली. पुढें पुण्यांतील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेंत अनेक वर्षें त्यांनीं टाकाऊ वस्तूंतून शास्त्राचीं खेळणीं केलीं. काडीचा चौकोन बोटानें दाबतांच कलतो, त्रिकोण कलत नाहीं. छपराच्या कैचींत त्रिकोण कां असतात हें सांगावयास मग फळा लागत नाहीं. सामान नाहीं म्हणून प्रयोग होत नाहींत, ही आमची तक्रार त्या दिवसापासून मीं तरी कोणाजवळ केली नाहीं.

आतां गंजाकडे वळतों. आर्मस्ट्राँग यांच्या विद्यार्थ्यांविषयीं वाचल्यावर मीं गांवच्या लोहाराकडून लोखंडाचा बारीक कीस आणला. परीक्षानळी आंतून ओली करून त्यांत कीस भुरभुरावयाचा, तो कांचेला चिकटतो. मग नळी पाण्याच्या भांड्यांत उपडी उभी करावयाची, आणि वाट पाहावयाची. येथें ज्योत नाहीं, उष्णतेचा घोटाळा नाहीं. कीस गंजूं लागतो आणि पाणी कणाकणानें चढतें. मुलांनीं नळ्यांना कागदाच्या पट्ट्या चिकटविल्या व रोज सकाळीं खुणा केल्या. कोणीं चिमूटभर कीस घातला होता, कोणीं त्याच्या दुप्पट. ज्याचा अधिक, त्याचें पाणी लवकर चढलें. पण अखेर बहुतेक नळ्यांत तें सारख्याच उंचीला येऊन थांबलें, आणि ती उंची नळीच्या पांचव्या हिश्शाच्या आसपास होती. तीन मेणबत्त्यांनीं जें मोडलें होतें तें गंजानें जोडलें. मेणबत्ती तर हवेंतील सगळा प्राणवायू संपण्याच्या पुष्कळ आधींच विझते. गंज तो जवळजवळ सारा शोषून घेतो. ती मुलगी तोंवर शाळा सोडून पुढें गेली होती. तिला हें दाखवावयाचें राहून गेलें.

होशंगाबादचें काम तीस वर्षें चाललें. अखेरीस सुमारें एक हजार शाळांत तें पसरलें होतें. २००२ सालीं मध्यप्रदेश शासनानें तें बंद केलें आणि राज्याचींच पाठ्यपुस्तकें त्या शाळांनाही लागू केलीं. बाजूनें व विरुद्ध पुष्कळ वाद झाला. सर्वत्र एकच पुस्तक असावें या म्हणण्यांत कारभाराची सोय आहे, हें मी नाकारीत नाहीं. पण सोयीसाठीं तीस वर्षांची मशागत नांगरून टाकावयाची काय, असें मला वाटतें. पुढें २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानें मुलानें स्वतः ज्ञान रचावें असें म्हटलें, २०२० च्या धोरणांतही शोधक वृत्तीवर भर आहे. कागदावर ही रीति जिंकली आहे. शिक्षकांची ती महिन्याची बैठक आणि ती परीक्षा मात्र कागदावर पुरेशी उतरलेली मला दिसत नाहीं, आणि त्या दोहोंवांचून एकटा शिक्षक किती दिवस टिकतो हें मीं माझ्यावरूनच जाणतों. मी स्वतः वर्षांतून पांच-सहा तासच असे घेऊं शकलों. बाकीचे तास फळ्यावरच गेले.

महाराष्ट्रांत या विचाराचे झरे निरनिराळ्या ठिकाणीं वाहत राहिले. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम काढून खेड्यांतल्या मुलांना हातानें काम करीत शास्त्र शिकविलें. कोल्हापुरांत लीलाताई पाटील यांनीं १९८५ मध्यें सृजन आनंद विद्यालय सुरू केलें. तेथील वर्गांत मुलांच्या प्रश्नाला किती मान असे, हें आमच्या जिल्ह्यांतील शिक्षकांत बोललें जाई. कादंबरीकार ना. सी. फडके यांच्या या कन्या. २०२० सालीं त्या निवर्तल्या.

निवृत्तीनंतर माझा वर्ग उरला तो शेजारच्या चार-पांच पोरांचा. गेल्या कांहीं हंगामांत मीं त्यांना घेऊन एका गुऱ्हाळावर जात असतों. कारखाने झाले तरी आमच्या बाजूला चुलवाणें अजून पेटतात. काहिलींत रस तापूं लागला कीं गुळव्या त्यांत चुन्याची निवळी व भेंडीचा चीक घालतो, वर आलेली मळी काढून टाकतो. एका पोरानें विचारलें, "चुना कशाला?" मीं उत्तर दिलें नाहीं. घरून आम्ही हळदीच्या पाण्यांत भिजवून वाळविलेले कागद नेले होते. चुना लागला कीं हळद लाल होते हें पोरांनीं आधींच पाहून ठेविलें होतें. त्यांनीं चुना घातलेल्या रसांत कागद बुडविला. कागद पिवळाच राहिला. पोरें हिरमुसलीं. मग एकानें वाटींत थोडा रस घेऊन त्यांत निवळी वाढवीत नेली, आणि एका थेंबाला कागद लाल झाला. वाटींतला रसही काळपट दिसूं लागला. गुळव्या हें सगळें कमरेवर हात ठेवून बघत होता. तो म्हणाला, "एवढा चुना पडला तर गूळ काळा येतोय." म्हणजे कागद लाल होण्याच्या अलीकडेच हात थांबवावयाचा, हें त्याचे डोळे वर्षानुवर्षें करीत आले होते, पोरांनीं त्याला त्याची खूण काढून दाखविली. ताज्या रसांत आंबटपणा असतो, चुना तो मारतो, पण पुरता मारावयाचा नसतो, येथवर पोरें आपणच येऊन पोंचलीं. कां मारावयाचा नसतो यावर त्यांचा वाद चालला होता, आणि तो त्या संध्याकाळीं मिटला नाहीं.

आम्ही निघालों तेव्हां गुळव्यानें मागून हांक मारली, "मास्तर, त्यातले चार कागद ठेवून जावा." पोरांनीं खिसे उलटे करून होते नव्हते तेवढे त्याला दिले.